हेअर की हेअर्स?

गेल्या सत्रात इंग्रजीच्या तासाला मी उभा राहून 'माय हेअर्स आर लाँग' म्हणालो आणि सारा वर्ग हसला. सरही हसले. पुढे महिनाभर त्या तासाला मी तोंड उघडले नाही.

चूक होतीच. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच 'हेअर'. 'हेअर्स' म्हणजे मोजता येतील असे सुटे, आमटीत सापडणारे! पण मराठीत केस वाढतात, गळतात ते अनेकवचनातच. मराठी बोलणाऱ्याच्या तोंडून 'हेअर्स' निघाले, यात मूर्खपणा कसला?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील म्हणतात, "जा, कटिंग करून ये." इंग्रज 'कटिंग'ला वर्तमानपत्राचे कात्रण समजेल, त्याचा शब्द 'हेअरकट'. 'आय कट माय हेअर' म्हटले तर कात्री आपणच चालवली असे होते. सलूनमध्ये कापून घेतले असतील तर 'आय हॅड माय हेअर कट'. आपले पिकलेले पांढरे केस त्यांना 'ग्रे'. साधना कटमधल्या कपाळावरच्या केसांना इंग्लंडात 'फ्रिंज', अमेरिकेत 'बँग्ज', म्हणजे त्यांच्यातही एकमत नाहीच! आणि 'शांपू' तर त्यांनी आपल्याकडच्या 'चांपो'वरून, म्हणजे अंग चेपण्यावरून, उचलला आणि केस धुण्याला लावला. तेव्हा त्यांना कोण हसले?

प्राध्यापकांनी आमच्या चुका जरूर दाखवाव्यात, पण कारणासकट. निदान प्रथम वर्षाच्या मुलांना तरी हे पहिल्याच महिन्यात फळ्यावर लिहून द्यावे.