पुढच्या बॉण्डला पाजा बारवीचं पाणी!

पुढचा बॉण्ड कोण? ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये हा विषय निघाला की चहा गार होतो, पण उत्तर काही निघत नाही. कुणाला घाऱ्या डोळ्यांचाच हवा, कुणी म्हणतं बाईच का नको... एकाला तर फक्त गाडी अ‍ॅस्टन मार्टिन हवी, आत कुणीही बसो!

तसे आपण महाराष्ट्रातले बॉण्ड फॅन्स भलतेच सोशिक. ‘नो टाइम टू डाय’ देशात ३० सप्टेंबर २०२१ ला लागला, तेव्हा आपल्याकडची थिएटर्स कोविडमुळे बंदच होती. ती उघडली २२ ऑक्टोबरला. मधले तीन आठवडे व्हॉट्सअ‍ॅप उघडायची सोय नव्हती, कारण शेवटी बॉण्ड मरतो हे कोण कधी सांगून टाकेल याचा नेम नव्हता. (तुम्ही अजून पाहिला नसेल तर सॉरी, पण इतकी वर्षं काय करत होतात बॉस?)

मेलेला हिरो परत आणायचा म्हणजे पाटी कोरी करणं आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बॉण्डच्या सगळ्या नाड्या अ‍ॅमेझॉन एमजीएमच्या हातात गेल्या, जूनमध्ये दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं (आडनावातच व्हिलन!) आणि लेखनासाठी ‘पीकी ब्लाइंडर्स’वाला स्टीव्हन नाइट. टीम सॉलिड आहे. तेव्हा टक्सिडो कुणाच्या अंगावर चढणार याची चिंता त्यांनी करावी. मला उत्सुकता आहे ती यावेळचा व्हिलन नेमकं काय पळवणार याची.

आता जरा बदलापूरला चला. इथून मुरबाडच्या रस्त्याने बाइक काढली की बारवी धरण लागतं. धरण दिसलं की बॉण्डच्या फॅनला हमखास ‘गोल्डनआय’ (१९९५) आठवतो. त्यातली पहिलीच उडी स्वित्झर्लंडच्या व्हर्झास्का धरणावरून, तब्बल २२० मीटरची. आपल्या बारवीवर असला प्रकार करू नका. उंचीही तेवढी नाही, आणि पावसाळ्यात इथे फिरकायलाच बंदी असते.

मला मात्र बारवीच्या काठावर ‘क्वाण्टम ऑफ सोलेस’ (२००८) आठवतो. फॅन लोकांचा नावडता सिनेमा. त्यात त्यांचं चुकत नाही, कारण हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला आणि सीन लिहायला डॅनियल क्रेग आणि दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर यांनाच बसावं लागलं. एडिटिंग असं की कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही. पण त्यातला डॉमिनिक ग्रीन आठवा. पर्यावरणप्रेमी म्हणून मिरवणारा, सूटबूटवाला, हातात ना मांजर ना लेझर. बोलिव्हियाच्या वाळवंटात तो जमीन घेतो, सीआयएला वाटतं तेल असणार. निघतं पाणी! गड्याने जमिनीखाली बांध घालून नद्या अडवलेल्या असतात आणि मग त्याच देशाला तेच पाणी दुप्पट दराने विकायचा करार पुढे सरकवतो. हे सगळं हवेतून आलेलं नव्हतं. बोलिव्हियातल्या कोचाबाम्बात पाणी खासगी कंपनीच्या हाती गेलं, २००० साली दर भडकले, लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला करार मोडावा लागला.

मल्टिप्लेक्समध्ये हा प्लॉट बऱ्याच जणांना मिळमिळीत वाटला. पण २०१६ च्या उन्हाळ्यात ज्यांनी पाणीकपातीत दिवसच्या दिवस बादल्या भरून काढलेत, त्या उल्हासनगर-अंबरनाथकरांना विचारा. बारवी हे एमआयडीसीचं धरण. तिचं पाणी नदीतून जांभूळला येतं, तिथे शुद्ध होतं आणि कारखान्यांबरोबरच उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली ते थेट मीरा-भाईंदरपर्यंत जातं. उंची वाढवल्यावर २०१९ पासून साठा सुमारे ३३९ दशलक्ष घनमीटर झाला. त्यासाठी तोंडली, मोहघरसारखी गावं पाण्याखाली गेली, आणि तिथल्या लोकांना मोबदल्यासाठी, नोकऱ्यांसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. आपण शॉवर घेतो तेव्हा हे लक्षात असतं का?

आणि जे पाणी आहे त्याचं काय होतं बघा. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात कुणीतरी टँकरभर केमिकल वालधुनी नदीत ओतलं आणि शेकडो लोकांना हॉस्पिटल गाठावं लागलं. ज्वालामुखीतला अड्डा नाही, पांढरं मांजर नाही. एक टँकर आणि रात्रीची वेळ, बस्स!

मित्र म्हणतात, बॉण्डला काय नळाच्या लाइनवर पाठवणार? का नको? ‘गोल्डफिंगर’मध्ये सोनं होतं, ‘अ व्ह्यू टू अ किल’मध्ये मायक्रोचिप्स, ‘टुमॉरो नेव्हर डाइज’मध्ये मीडिया सम्राट. ज्या काळात जे मोलाचं, त्यावर व्हिलनचा डोळा. आकाशातून मारा करणारा उपग्रह मात्र इतक्यांदा झालाय की आता तो दिसला तर मी पॉपकॉर्न आणायला उठणार.

व्हिलनव्हकडून आशा आहे ती यासाठीच. ‘ड्यून’च्या दोन्ही भागांत (२०२१ आणि २०२४) त्याने असं जग उभं केलं जिथे मेलेल्या माणसाच्या अंगातलं पाणीसुद्धा वाया घालवत नाहीत. तहान पडद्यावर कशी दाखवायची हे या माणसाला ठाऊक आहे. ‘क्वाण्टम’ची फसलेली गोष्ट कुणी नीट सांगू शकत असेल तर तोच.

आणि चेस हवाच असेल तर ती अ‍ॅस्टन मार्टिन मे महिन्यात एखाद्या सोसायटीच्या टँकरमागे लावा. अंबरनाथच्या गल्लीबोळांत कोण जिंकेल, यावर मी बॉण्डच्या बाजूने पैसे लावणार नाही.