मोबाइल सोपा झाला, हिशेब अवघड झाला

ऑगस्ट 2025 मध्ये देशात यूपीआयच्या व्यवहारांनी एका महिन्यात 2000 कोटींचा आकडा ओलांडला. एप्रिल 2016 मध्ये सुरू झालेली ही सोय आज चहाच्या टपरीवर आहे, भाजीवालीच्या हातगाडीवर आहे, रिक्षाच्या काचेवरही आहे. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, हे चांगलंच झालं. पण आम्ही वर्गात मुलांना जमाखर्च शिकवताना सहज विचारलं, "काल घरात किती खर्च झाला?" एकालाही सांगता आलं नाही. मग पालकसभेत हाच प्रश्न पालकांना विचारला. तेही एकमेकांकडे बघू लागले!

आपल्या अम्मी तांदळाच्या डब्यात नोटा ठेवायच्या. वीस तारखेला डबा रिकामा दिसू लागला की घरात आपोआप हात आखडायचा. तो डबा म्हणजे हिशेबाची वहीच होती. मोबाइलमध्ये असा डबा दिसत नाही.

ही नुसती जुन्या पिढीची तक्रार नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले संशोधक ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी 2001 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांना बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं की पैसे रोख द्यावे लागतील, काहींना सांगितलं की क्रेडिट कार्ड चालेल. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. तिकीट तेच, सामनाही तोच. नोट हातातून जाताना मनाला जो चिमटा बसतो, तो कार्डात बसत नाही. शिकलेली माणसंसुद्धा यातून सुटली नाहीत. यूपीआयमध्ये पैसे लगेच खात्यातून जातात, म्हणून ते कार्डाच्या उधारीसारखं नाही. पण हातातून काही गेल्याचं तिथेही जाणवत नाही.

मग मोबाइलचा पैसा वाईटच म्हणायचा का? तसं अजिबात नाही. केनियाचं उदाहरण बघा. तिथे 2007 मध्ये एम-पेसा सुरू झालं. बँकेत खातं नसलेला माणूस साध्या फोनवरून गावी पैसे पाठवू लागला. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी याचा अनेक वर्षं अभ्यास केला. 2016 मध्ये त्यांनी मांडलं की यामुळे सुमारे 1 लाख 94 हजार कुटुंबं अतिगरिबीतून बाहेर आली आणि सुमारे 1 लाख 85 हजार महिला शेतीकडून छोट्या धंद्याकडे वळल्या. बाईच्या नावावर, तिच्याच ताब्यात चार पैसे राहिले की काय घडतं, ते यातून कळतं. पण त्याच केनियात पुढे त्याच फोनवर सट्टा आणि झटपट कर्जही आलं.

म्हणजे फोन एकच. त्यावर आपण काय करतो आणि कंपनी आपल्याला कुठे ढकलते, खरा फरक तिथे पडतो.

आता आपल्याकडे वळू. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने फ्युचर्स-ऑप्शन्सचा अभ्यास जाहीर केला. फ्युचर्स-ऑप्शन्स म्हणजे सोप्या भाषेत, भाव चढेल की पडेल यावरचा सौदा. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत या सौद्यांत उतरलेल्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटी रुपयांहून जास्त. 2023-24 मध्ये यात 43 टक्के लोक तिशीच्या आतले होते, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचं वार्षिक उत्पन्न 5 लाखांच्या खाली होतं. सर्वात काळजीची गोष्ट म्हणजे, सलग दोन वर्षं तोटा होऊनही 75 टक्क्यांहून जास्त लोक तिथेच थांबले. गेलेला पैसा परत मिळवायच्या नादात माणूस आणखी पैसा घालतो. जुगाराच्या अड्ड्यावर हेच होत होतं. फरक इतकाच की अड्ड्यावर जाताना मोहल्ल्यातले लोक बघायचे, इथे मुलगा पांघरुणात पडून सगळं करतो आणि घरच्यांना वाटतं पोरगा अभ्यास करतोय.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. ते योग्यच झालं. पण कायदा घरातल्या प्रत्येक फोनमध्ये डोकावू शकत नाही, ते काम आपलं आहे.

त्यासाठी फार मोठं काही करावं लागत नाही. दर जुम्माला किंवा रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून आठवड्याचे व्यवहार मोबाइलवर उघडून वहीत लिहायचे. लिहिताना तो हरवलेला चिमटा परत बसतो. रोजच्या खर्चासाठी वेगळं खातं ठेवून त्यात ठरलेलीच रक्कम टाकायची, तोच आपला तांदळाचा डबा. बायकांची भिशी आजही चालते, कारण तिथे ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम चारजणींसमोर द्यावी लागते. ती शिस्त फोनवरच्या बचतीतही आणता येईल. आणि मुलगा तोट्यात अडकला असेल तर आधी त्याचं ऐकून घ्या, ओरडायचं नंतर बघू. भीतीपोटी लपवलेलं कर्जच घर बुडवतं.

पुढच्या पालकसभेत आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहोत. काल किती खर्च झाला? निदान निम्म्या हातांनी वर यावं, एवढीच अपेक्षा.