फटाका होता की गोळी?

लग्नसराईत आमच्या गोंदियात फटाके वाजले तर कुणी मान वळवून पाहत नाही. पण २०२४ च्या जानेवारीत शहरात एका माजी नगरसेवकावर गोळी झाडली गेली, आणि पुढचे काही आठवडे मोहल्ल्यात टायर फुटला तरी लोक दारं लावून घेत होते. त्याच दिवसांत शेजारच्या गल्लीत एक लग्न होतं. रात्री साडेदहाच्या सुमारास वरातीतल्या पोरांनी लागोपाठ चार-पाच सुतळी बॉम्ब लावले. कुणीतरी पोलिसांना फोन केला, गोळीबार झाला म्हणून.

पोलिस आले. ज्यांनी बॉम्ब लावले ती पोरं पळाली, जी उभी राहिली ती सापडली. त्यात माझा भाचा होता. बारावीत शिकणारा, सकाळी फिजिक्सचं प्रॅक्टिकल. "मामू, मी तर खुर्च्या उचलत होतो," एवढंच तो मला ठाण्यात सांगू शकला. चार पोरांना बाकावर बसवलं होतं. फोन काढून घेतले होते. नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव कुठलं, हे तीन-तीनदा विचारून झालं होतं. मूळ गाव! पाच पिढ्या याच शहरात, आजोबा राईस मिलमध्ये हमाल.

फजरच्या आधी माझी थोरली बहीण, आमची आपा, कंदील हातात घ्यावा तसा मोबाइलचा उजेड घेऊन त्या गल्लीत गेली. जळकी सुतळी, हिरव्या कागदाचे तुकडे, सगळं वेचून किराण्याच्या पिशवीत भरलं आणि ती पिशवी ठाण्यातल्या टेबलावर ठेवली. साहेबांनी आत डोकावून पाहिलं. पोरं सुटली. प्रॅक्टिकलला भाचा वेळेवर पोचला, फोन मात्र दोन दिवसांनी मिळाला. निघताना साहेब मला म्हणाले, "सर, आवाज आला म्हटल्यावर आम्हाला यावंच लागतं." माणूस वाईट नव्हता. आणि त्याचं म्हणणं चूकही नव्हतं.

ही गोष्ट आता सांगायचं कारण वेगळं आहे. नागपुरात इंजिनिअर झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परवा एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतल्या अनेक शहरांत पोलिसांकडे गोळीचा आवाज ओळखणारी यंत्रणा आहे, शॉटस्पॉटर नावाची. छपरांवर, खांबांवर मायक्रोफोन बसवतात. एकच धमाका निदान तीन मायक्रोफोनपर्यंत किंचित वेगवेगळ्या क्षणी पोचतो, त्या फरकावरून संगणक जागा काढतो. आवाज गोळीचा की फटाक्याचा हे आधी संगणक ठरवतो, मग कंपनीचा माणूस ऐकतो, आणि मिनिटाभरात गस्तीच्या गाडीला निरोप जातो. व्हिडिओखाली त्याने लिहिलं होतं, "सर, हे आपल्याकडे असतं तर त्या रात्री पोरं सापडलीच नसती."

पोरगा हुशार आहे, मी शिकवलेला आहे (मराठीच शिकवलं, यंत्रं नाही), म्हणून त्याचं म्हणणं मी झटकलं नाही. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. १२ ऑक्टोबर २०२४ ला दसऱ्याच्या रात्री वांद्र्यात बाबा सिद्दीकींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा आसपास फटाके वाजत होते. गोळीचा आवाज फटाक्यात लपतो, हे मारेकऱ्यांनाही कळतं. मात्र त्या रात्री दोघे पकडले गेले ते तिथे हजर असलेल्या माणसांमुळे.

मग मी शिकागोबद्दल वाचलं, आणि मत बदललं.

शिकागो शहराच्या महानिरीक्षक कार्यालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये एक अहवाल दिला. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात ज्या ५० हजारांहून जास्त इशाऱ्यांची नोंद तपासली, त्यांपैकी सुमारे ९ टक्के ठिकाणीच बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा सापडला. कंपनी म्हणते, आमची अचूकता ९७ टक्के. दोन्ही आकडे एकाच वेळी कसे उभे राहतात, हा वेगळा वाद आहे. गोळी झाडून कुणी निघून गेला तर पुरावा मिळत नाही, हेही खरं. मला अस्वस्थ केलं ते त्याच अहवालातल्या दुसऱ्या निरीक्षणाने. अमुक भागातून इशारे वारंवार येतात, ही समजूतच काही पोलिसांनी लोकांना थांबवण्याचं आणि अंगझडती घेण्याचं कारण म्हणून नोंदवली होती. म्हणजे यंत्राने कुणा माणसाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं वस्तीबद्दल. त्याची किंमत रस्त्यावरून जाणाऱ्याने दिली.

आणि मायक्रोफोन कुठे बसवायचे, हे यंत्र ठरवत नाही. २०२४ मध्ये वायर्ड या मासिकाच्या हाती या कंपनीच्या २५ हजारांवर मायक्रोफोनच्या जागा लागल्या. ज्या वस्त्यांत ते आहेत, तिथल्या रहिवाशांत सुमारे ७० टक्के कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होते. कान जिथे लावाल तिथलाच आवाज ऐकू येणार. गुन्हे तिथे जास्त म्हणून तिथे लावले, असं उत्तर येतं. असेलही. पण सिव्हिल लाइन्समध्ये फुटलेला सुतळी बॉम्ब मग फटाकाच राहतो आणि आमच्या गल्लीतला नोंदीत जातो. वर्षाअखेरीस नोंदी मोजल्या की आमची गल्ली आपोआप 'संवेदनशील' ठरते.

शिकागोतलंच आणखी एक प्रकरण. ६५ वर्षांच्या एका गृहस्थाच्या गाडीतल्या तरुणाला गोळी लागली, तो मेला, आणि खुनाचा आरोप या म्हाताऱ्यावर आला. पुराव्यात ही यंत्रणा होती. जवळपास वर्षभर तो तुरुंगात राहिला, जुलै २०२१ मध्ये पुरावा अपुरा म्हणून सरकारी वकिलांनीच खटला मागे घेतला. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की संगणकाने तो आवाज आधी फटाका म्हणून नोंदवला होता आणि कंपनीच्या माणसाने तो नंतर गोळी केला. कंपनीने हा आरोप नाकारला. खरं काय ते अल्लाह जाणे. पण आपाची पिशवी मला तेव्हा आठवली. आमच्याकडे फोन करणारा माणूस होता, त्याला चुकीचं ऐकू आलं हे साहेबांना पटू शकलं. यंत्राविरुद्ध म्हाताऱ्याने कुठली पिशवी न्यायची होती? शिकागोने सप्टेंबर २०२४ मध्ये ही यंत्रणा बंद केली.

महाराष्ट्रात अजून छपरांवर मायक्रोफोन नाहीत म्हणून हे सगळं दूरचं वाटेल. तसं नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची 'मार्व्हल' ही कंपनी नागपुरात काढली, आमच्यापासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर. २०२५ च्या डिसेंबरमध्ये 'महाक्राइमओएस' ही तपासाची प्रणाली राज्यातल्या अकराशे ठाण्यांत नेण्याचं जाहीर झालं. सायबर फसवणुकीत आयुष्याची पुंजी गेलेल्यांना त्यातून पैसे लवकर मिळाले तर मी टाळ्याच वाजवीन. पण २०२६ च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. बोलण्याच्या ढबीवरून बांगलादेशी घुसखोर ओळखणारं साधन आयआयटी मुंबईच्या मदतीने तयार होत आहे, आणि सध्या त्याला सुमारे ६० टक्के यश आहे. ते पुढे वाढेल, असंही सांगितलं गेलं.

मी वीस वर्षं मुलांचे उच्चार ऐकतो आहे. 'ज' कुठे दातातला आणि कुठे तालव्य, 'क़ाफ़' गळ्यातून येतो की नाही, हेच माझं काम. आमच्या वर्गात एकच मूल घरात उर्दू-हिंदी मिसळून बोलतं, गल्लीत पोवारी ऐकतं, बाजारात छत्तीसगढी आणि शाळेत माझ्यासमोर मराठी. कोण कुठला, हे ढबीवरून सांगायची पैज मी लावणार नाही. याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशा बंगाली निर्वासितांच्या वस्त्या आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेली, सरकारनेच वसवलेली, बहुतेक हिंदू कुटुंबं. त्यांच्या घरात आजही बंगाली बोलतात. यंत्र त्यांचा आवाज ऐकून काय म्हणेल? आणि ते 'संशयित' म्हणालं, तर पुढे कुणाला सोडायचं नि कुणाला बाकावर बसवायचं, हे नाव वाचून ठरणार नाही याची हमी कोण देतो?

हे मी उगाच बोलत नाही. कॉमन कॉज आणि सीएसडीएस यांच्या २०१९ च्या अभ्यासात देशभरातल्या सुमारे १२ हजार पोलिसांना विचारलं होतं. मुसलमान स्वभावतःच हिंसेकडे वळण्याची शक्यता असते, असं कमी-अधिक प्रमाणात मानणारे त्यांत जवळपास निम्मे निघाले. यंत्राला पूर्वग्रह नसतो, हे माझ्या विद्यार्थ्याचं लाडकं वाक्य. ठीक आहे, नसेल. पण यंत्राचा इशारा ज्याच्या हातात पडतो तो माणूस आहे. आधी त्याला स्वतःच्या संशयाची थोडी तरी जबाबदारी घ्यावी लागायची. आता तो म्हणेल, मला नाही वाटलं, मशीनने सांगितलं. दिल्ली पोलिसांनी तर २०२२ मध्ये माहिती अधिकारात लेखी उत्तर दिलं की चेहरा ८० टक्क्यांहून जास्त जुळला की आम्ही तो जुळला असंच धरतो.

आमच्यातले काही जण म्हणतात, सर, या विषयावर लिहू नका, उगाच नजरेत याल. उलट काही जण म्हणतात, यंत्रच नको, जाळून टाका. मला दोन्ही पटत नाही. गोळी लागलेल्या माणसापर्यंत ॲम्ब्युलन्स पाच मिनिटं आधी पोचणार असेल तर मायक्रोफोन खुशाल लावा, आणि पहिला आमच्या शाळेच्या छपरावर लावा. पण मग यादी जाहीर करा, कुठल्या कुठल्या छपरावर आहेत. किती इशारे आले, किती खोटे निघाले, ते दर महिन्याला ठाण्याच्या दारावर लावा. आणि नुसत्या इशाऱ्यावर कुणाला बाकावर बसवता येणार नाही, हे लेखी आदेशात येऊ द्या. शिकागोला हे आकडे मिळायला एक महानिरीक्षक होता. आमच्याकडे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आहे.

तो मी काल आणला. अर्ज भाच्याने टाइप करून दिला. तो आता पॉलिटेक्निकला आहे. शेवटच्या प्रश्नात मी लिहिलं होतं, 'चुकीच्या इशाऱ्यावरून ताब्यात घेतलेल्या व्यक्तीचा फोन किती दिवसांत परत केला जातो?' तो म्हणाला, "मामू, दिवसांत नको, तासांत लिहा." मी तसं केलं.