छपराला तेल : कोठे द्यावे, कोठे देऊ नये

अमरावती-अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. त्या तापाने डांबरी छपरातील तेलकट अंश घटून ते ठिसूळ बनते व लाकूड तडकते. अमेरिकेत सोयाबीन तेलापासून केलेले द्रव्य जुन्या डांबरी छपरांवर फवारतात. परंतु तेवढ्यावरून घाण्याचे तेल डांबरी पत्र्यावर ओतणे इष्ट नव्हे. कच्च्या तेलाने डांबर नरम पडते व धूळ चिकटते.

आमच्या मते तेलाचे खरे स्थान कवेलूखालील लाकडी फाटे व दारे-खिडक्या हे होय. त्यासाठी जवसाचे तेल घ्यावे. ते हवेतील प्राणवायू शोषून सुकते व लाकडावर पातळ कवच धरते. भुईमुगाचे तेल तसे सुकत नाही. पावसाळ्यापूर्वी कोरड्या लाकडास पातळ हात द्यावा, जादा तेल पुसावे व सुकल्यावर दुसरा हात द्यावा. वाळवीवर मात्र हा उपाय पुरेसा नाही.

एक दक्षता अवश्य घ्यावी. जवस तेलाच्या चिंध्यांचा गोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, आणि आपल्याकडे घरातच कापूस साठविलेला असतो. चिंध्या पाण्यात भिजवाव्यात किंवा बाहेर सुट्या पसरून वाळवाव्यात. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी तेलाचा सल्ला देताना ही गोष्ट प्रथम सांगावी.