तोतयांना मोकळे रान

विमानप्रवास ही आता मोजक्या श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. मुलीला परदेशी शिक्षणासाठी धाडणारा शिक्षक, रजा-प्रवास सवलत घेऊन सहकुटुंब निघालेला कारकून आणि मुलाखतीसाठी दिल्ली गाठू पाहणारा विद्यार्थी हे सर्व आज विमानाने जातात. तिकीट काढणे, तारीख बदलणे, पैसे परत मागणे या साऱ्यांसाठी त्यांच्यापुढे मोबाइलच्या पडद्याखेरीज दुसरी खिडकी फारशी उरलेली नाही. आणि नेमक्या याच खिडकीत आता तोतये येऊन बसले आहेत.

या फसवणुकीची रीत साधी आहे. उड्डाण रद्द होते, प्रवासी गोंधळतो आणि विमान कंपनीचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर शोधू लागतो. तेथे ठगांनी कंपनीच्या नावावर पेरून ठेवलेला क्रमांक त्याच्या हाती लागतो. पलीकडचा आवाज अदबशीर असतो. परतावा तातडीने जमा करतो, असे सांगून तो एखादा दुवा उघडावयास लावतो, नाममात्र शुल्क भरावयास सांगतो किंवा एखादे अ‍ॅप मोबाइलवर घ्यावयास लावतो. त्या अ‍ॅपमुळे प्रवाशाच्या मोबाइलचा पडदाच ठगाला दिसू लागतो. मग परतावा येणे दूरच, खात्यातील शिल्लकही जाते. समाजमाध्यमावर जाहीर तक्रार करणाऱ्याची गत निराळी नसते. कंपनीचेच नाव आणि बोधचिन्ह धारण केलेल्या खात्यावरून त्याला सहानुभूतीचा निरोप येतो आणि तिकिटाचा व फोनचा क्रमांक विचारला जातो. २०१८ मध्ये जेट एअरवेज ही कंपनी पंचविसाव्या वर्धापनदिनानिमित्त फुकट तिकिटे वाटत असल्याचा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला होता. त्यातील पत्ता कंपनीच्या संकेतस्थळाचाच वाटे. फक्त एका रोमन अक्षराखाली बारीकसे टिंब होते. ते टिंब ज्याला दिसले नाही त्याला निष्काळजी ठरविणे न्यायाचे होईल काय?

अशा घटनांनंतर जो उपदेश कानी पडतो तो ठरावीक आहे : प्रवाशांनी सावध राहावे. उपदेश चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे आणि कंपन्यांच्या फार सोयीचा आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला आणि १७७६ मध्ये त्याचा शेवट होईपर्यंत भलेभले त्याच्यामागे गेले. खरे भाऊ समोर नव्हते आणि ते यावेत अशी लोकांची उत्कंठा होती, म्हणून त्याचे फावले. विमान कंपन्यांच्या बाबतीत आज तेच घडत आहे. खर्च वाचविण्यासाठी शहरांतील तिकीट कार्यालये आवरण्यात आली, दूरध्वनी क्रमांक संकेतस्थळाच्या कोपऱ्यात गेला आणि तो सापडलाच तर यंत्राचा आवाज ऐकत बसावे लागते. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा प्रवासी विमानतळांवर तासन् तास ताटकळले. अशा वेळी जो पहिल्या घंटीला फोन उचलतो तोच खरा वाटतो; दुर्दैवाने तो बहुधा ठग असतो. खरा माणूस जागेवर असता, तर तोतयाला गिऱ्हाईक मिळाले नसते.

दुसरा प्रश्न प्रवाशांच्या माहितीचा आहे. २०२१ मध्ये एअर इंडियाने जाहीर केले, की तिच्या प्रवाशांची नोंद ठेवणाऱ्या बाहेरच्या संस्थेच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती उघडी पडली. त्यात नावे, जन्मतारखा, पारपत्रे व तिकिटे यांचा तपशील होता. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या चार लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती चोरीस गेली आणि दोन महिन्यांहून अधिक काळ कंपनीला त्याचा पत्ता नव्हता. तिला २०२० मध्ये दोन कोटी पौंडांचा दंड झाला. अशी माहिती ज्याच्या हाती आहे तो फोनवर प्रवाशाचे नाव, दिनांक आणि मार्ग अचूक सांगू शकतो. मग प्रवाशाने सावध राहावयाचे ते कशाच्या आधारावर?

आपल्याकडे कायदा झाला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार सुरक्षेत कुचराई करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसृत झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. परंतु हा दंड सरकारजमा व्हावयाचा आहे. नाडलेल्या प्रवाशाच्या पदरी त्यातून काहीच पडत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ग्राहकाच्या दायित्वाचे नियम घालून दिले, ते बँक आणि ग्राहक यांच्यापुरते. ग्राहकाने गुप्त क्रमांक स्वतः उघड केला असेल, तर बँकेला कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याच्या माथी येते. ज्या कंपनीच्या नावावर त्याने विश्वास टाकला ती या हिशेबात कोठेच नाही.

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर संकेतस्थळे नेण्यास सांगितले; वित्तीय संस्थांच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका राखून ठेवण्यात आली. असाच राखीव पत्ता आणि अशीच मालिका विमान कंपन्यांना देण्यात अडचण कोणती? कंपनीचा अधिकृत क्रमांक प्रत्येक तिकिटावर ठळक छापण्याची सक्ती हवी आणि उड्डाणे कोलमडतील त्या दिवशी फोनवर जिवंत माणूस असलाच पाहिजे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हे कामही सुरक्षेइतकेच आपले मानावयास हवे. प्रत्येक खोटे पान कंपन्यांना रोखता येणार नाही, हे मान्य. पण आपल्या नावाने चाललेल्या ठकबाजीवर पाळत ठेवणे त्यांच्या आवाक्यात आहे.

तोवर प्रवाशाने आपल्यापुरते जपावयास हवे. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही. तो पैसे देण्यासाठीच असतो. तिकिटावरील आरक्षण क्रमांक आणि आडनाव एवढ्यावर अनेक ठिकाणी संपूर्ण आरक्षण उघडता येते. म्हणून बोर्डिंग पासचे छायाचित्र कौतुकाने चारचौघांत टाकू नये. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि बँकेत कळवावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडविले तरच हाती लागतात. मात्र हे सर्व करूनही जो फसला त्याला मूर्ख म्हणून हिणवण्याचा अधिकार, आपली खिडकी बंद करून निघून गेलेल्यांना नाही.