सातबाऱ्यावरची मदत

महामारीच्या काळात शासनाने शेतकऱ्याला मदत केली, असे वाक्य आजही सभासमारंभांतून ऐकू येते. या वाक्यातील ‘मदत’ आणि ‘शेतकरी’ हे दोन्ही शब्द पारखून घ्यावेत, असे आम्हांस वाटते.

प्रथम मदतीविषयी. २६ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने १ लाख ७० हजार कोटी रुपयांची गरीब कल्याण योजना जाहीर केली. तीत ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना प्रत्येकी २,००० रुपये देण्याची घोषणा होती. पण हे पैसे नवे नव्हते. किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये २०१९ पासून सुरूच होते. त्यांतला एक हप्ता तेवढा महिन्याच्या आरंभीच दिला गेला. ठरलेले देणे वेळेवर देणे हा व्यवहार झाला, उपकार नव्हे.

आता शेतकऱ्याविषयी. या योजनेचा शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला जमीनमालक. आरंभीची दोन हेक्टरांची मर्यादा २०१९ मध्येच उठली. प्राप्तिकर भरणारे वगळले गेले. परंतु शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे केवळ शेतीवर जगणारा मोठा बागाईतदारही पात्र ठरू शकला. टाळेबंदी आली ती नाशिककडे द्राक्षांच्या ऐन हंगामात. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराची हानी खरी होती आणि त्याच्या हप्त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र पेठ-सुरगाण्याहून येऊन त्याच बागेत राबणाऱ्या भूमिहीन आदिवासी मजुराला या निधीतून एक पैही मिळाली नाही. तोंडी कराराने खंडाने जमीन कसणाऱ्यालाही नाही, कारण कूळ लागेल या भयाने मालक कागद करीत नाही. आणि जन्मभर शेतात वाकलेल्या कित्येक स्त्रियांचे नाव सातबाऱ्यावर नसतेच.

मजुराला मोफत धान्य मिळाले, रोजगार हमीची सरासरी मजुरी १८२ वरून २०२ रुपये झाली, असे यावर सांगितले जाते. धान्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु धान्य शिधापत्रिकेवर मिळते आणि मजुरीतील वाढ काम मिळाले तरच हाती पडते. भूमिहीनांची नोंदच नसते, ही सबबही टिकत नाही. ओडिशाने टाळेबंदीपूर्वीच ‘कालिया’ योजनेत भूमिहीन शेतमजुरांच्या कुटुंबांना सामावून घेतले होते. नोंद करायची असेल तर होते.

शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात सायंकाळी दिनार मिळतो तो राबणाऱ्यांना, अगदी शेवटच्या तासाला आलेल्यालाही. आमच्या काळातील दिनार मात्र मळ्याच्या मालकाच्या खात्यात जमा झाला आणि मजूर वेशीवरच उभा राहिला.

वाचकहो, हा प्रश्न केवळ दिल्लीचा नव्हे. आपल्यापैकी अनेकांची नावे सातबाऱ्यावर आहेत आणि आपल्या वाड्यांतून वारली मजुरांचे हात राबतात. ज्यांनी तो हप्ता घेतला, त्यांपैकी कितीजणांनी काम बंद असताना गड्याची मजुरी चालू ठेवली? शेतमजुरांची यादी ग्रामपंचायतीत लागावी, असा आग्रह आपण ग्रामसभेत धरला पाहिजे. जमीन दुसऱ्याला कसावयास दिली असेल तर कागद केला पाहिजे. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर चढविले पाहिजे. तोवर ‘शेतकऱ्याला मदत झाली’ असे कोणी म्हणू नये. जमीनमालकाला हप्ता लवकर मिळाला, एवढेच म्हणावे.