कॅमशाफ्टच्या बुशांची हयगय

आमच्या आयुष्याचा बहुतेक काळ महसूल खात्यांत फेरफार व वसुलीच्या नोंदी उतरण्यांत गेला. तेव्हां मोटारीच्या इंजिनाविषयीं आम्ही लिहावें, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. वाटो. शेतकऱ्याच्या घरांतून पैसा कोणत्या वाटेनें बाहेर जातो हें पाहण्याची संवय आम्हांस त्याच नोकरीनें लावली. आणि हल्लीं तो गॅरेजच्या वाटेनें बराच जातो, त्यांतही एका ठराविक चुकीपायीं जातो, असें आमचें मत झालें आहे. ती चूक ही कीं, इंजिन पुरतें उघडावयाचें, नवें सामान घालावयाचें, आणि कॅमशाफ्टच्या झिजलेल्या बुशांस मात्र हात लावावयाचा नाहीं.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटांत फिरणारा, अंगावर उंचवटे असलेला दांडा. या उंचवट्यांच्या धक्क्यानें वाल्व उघडतात व स्प्रिंगच्या जोरानें मिटतात. क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हां याची एक होते. फेरे निम्मे, आणि पिस्टनचा मार क्रँकवर बसतो तसा यावर बसत नाहीं. म्हणून याचे बुश झिजावयास उशीर लागतो, आणि उशीर लागतो म्हणूनच ते झिजतच नाहींत असा समज पसरला आहे. बुशाची पाठ पोलादाची व आंतलें अस्तर बहुधा पांढऱ्या धातूचें असतें. कथील, अँटिमनी आणि तांबें यांचा हा मिश्रधातु आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिरानें १८३९ सालीं पुढें आणला. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, कारण झिजावयाचेंच तर बुशानें झिजावें, दांड्यानें नव्हे. दांडा व बुश यांतील फट इंचाच्या हजार भागांपैकीं दोन-तीन भागांची असते. मिस्त्री लोक या हजाराव्या भागास ‘थाऊ’ म्हणतात. ती सात-आठ थाऊ झाली तरी डोळ्यांस दिसत नाहीं, पण तेलास दिसते.

ज्याच्या शेताला पाटाचें पाणी आहे त्यास पुढचें निराळें सांगावयास नको. पाट वरच्या अंगाला फुटला तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोंचत नाहीं, मग मोट बदला कीं पंप बदला. तेलाचा पंप ज्या मुख्य नळींत तेल ढकलतो, तींतूनच क्रँकच्या बेअरिंगांना व कॅमशाफ्टच्या बुशांनाही तेल जातें. बुश सैल झाले कीं तेल तेथेंच गळून खालीं पडतें आणि दाब उतरतो. क्रँकचीं बेअरिंगें नवीं असलीं तरी तीं उपाशी राहतात.

आतां आमच्या घरचीच हकीगत सांगतों. आमच्याकडे एक जुनी पेट्रोल जीप आहे. मुंबईस १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें अमेरिकेंतील विलिस कंपनीच्या परवान्यानें ज्या गाड्या केल्या त्यांतली. हिचें इंजिन ‘हरिकेन’ जातीचें, चार सिलिंडरांचें, सुमारे २.२ लिटरचें. एका मोठ्या गांवच्या कारखान्यांत आम्ही तें ‘पूर्ण ओव्हरहॉल’साठीं दिलें आणि रु. ४१,००० मोजले. घरीं आणल्यावर पहिल्याच आठवड्यांत असें दिसलें कीं, इंजिन तापून मंद चालूं लागलें म्हणजे तेलाच्या दाबाचा कांटा जवळजवळ शून्यावर टेकतो. कारखानदारास विचारलें, त्यानें जाडें तेल घालण्यास सांगितलें. तें घातलें, कांटा वर चढला, आणि आम्ही समाधान मानलें. येथें दोष त्याच्या इतकाच आमचाही आहे. जाड्या तेलानें कांटा चढतो खरा, परंतु तें तेल बारीक फटींत शिरावयास आळशी असतें. कांट्याचा दाब व बेअरिंगास मिळणारें तेल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

श्रावणांत शेजारच्या घरची सून अडली. अमरावतीस न्यावयास सांगितलें म्हणून रात्रीं आमचीच जीप निघाली. धारणीहून परतवाड्याचा रस्ता हरिसाल, सेमाडोह, घटांग असा सगळा मेळघाटांतला. एका बाजूस डोंगर, दुसरीस व्याघ्रप्रकल्पाचें जंगल, आणि पावसाची झड. सेमाडोहच्या अलीकडे इंजिनाच्या खालच्या अंगांतून ठोके ऐकूं येऊं लागले व गाडी थांबवावी लागली. दीड तासानें एक मालमोटार आली, तींतून त्या बाईस पुढें नेलें. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण तो दीड तास त्या मुलीच्या सासूच्या तोंडाकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

पुढें धारणीच्याच एका मिस्त्रीनें इंजिन उघडलें. नवीं घातलेलीं कनेक्टिंग रॉडचीं दोन बेअरिंगें खरवडून गेलीं होतीं. त्यानें तीं बाजूला ठेवलीं आणि कॅमशाफ्ट काढून मापावयास घेतला. या जातीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट चार ठिकाणीं टेकतो; त्यांपैकीं बदलतां येण्याजोगा बुश एकटा पुढचा, बाकीच्या तीन जागा ब्लॉकमध्येंच कोरलेल्या. पुढच्या बुशाची फट आठ थाऊ भरली. मागच्या तीन जागा मर्यादेंत होत्या, म्हणून त्यानें त्यांस हात लावला नाहीं व त्यांचे पैसेही मागितले नाहींत. तेलाचा पंप व डिस्ट्रिब्यूटर हे दोन्ही याच दांड्याच्या दांत्यावर चालतात, तेव्हां दांडा डोलला तर ठिणगीची वेळही डोलते, हें त्यानें आम्हांस बोटानें दाखविलें. त्याचें सर्व बिल पहिल्या बिलाच्या पांचव्या हिश्शाहूनही कमी झालें.

मात्र दाब उतरला कीं दोष कॅमशाफ्टचाच, असें कोणीं धरून चालूं नये. पंप झिजलेला असेल, दाबाच्या वाल्वची स्प्रिंग मेली असेल, तेलांत पेट्रोल किंवा डिझेल उतरलें असेल, अथवा कांटाच खोटा असेल. आधीं दुसरा खरा गेज लावून पाहावा, मग तेल, मग स्प्रिंग. खर्चाचें काम सर्वांत शेवटीं.

बुश बदलणें हें हातोड्याचें काम नव्हे, येथें आमचा विशेष कटाक्ष आहे. बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट पुढून आंत सरकतो, म्हणून कांहीं इंजिनांत या जागा पुढून मागें लहान होत जातात. आमच्या जीपला पुढची सुमारे २.१९ इंच तर मागची १.६२ इंच. ज्याचा बुश त्याच जागीं गेला पाहिजे. बुशाचें तेलाचें भोंक ब्लॉकच्या भोंकासमोर तंतोतंत आलें पाहिजे; सुताइतकें सरकलें तर नवाच बुश कोरडा चालून जळतो. तो मापाच्या ड्रिफ्टनें सरळ बसवावा, आणि बसल्यावर दांडा आंत घालून हातानें फिरवून पाहावा. जड फिरला तर बुश घासून काढण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्याऐवजीं सर्व बुशांचें छिद्र एका रेषेंत बोअर करणाऱ्या लेथवाल्याकडे ब्लॉक न्यावा. ब्लॉक कॉस्टिकच्या गरम हौदांत धुतला असेल तर जुने बुश ठेवूंच नयेत; त्या पाण्यानें पांढरा धातु खराब होतो.

कोणी म्हणतील, असल्या जुन्या गाडीवर खर्च तरी कशाला? पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून रु. ६०० ची रु. ५,००० झाली, ही गोष्ट आम्हांस ठाऊक आहे, आणि ज्याची ऐपत आहे त्यानें खुशाल नवी घ्यावी. परंतु नव्या गाडीचा हप्ता सोयाबीनचा भाव पाहून थांबत नाहीं. शिवाय नवें इंजिनही एक दिवस जुनें होणारच, आणि ट्रॅक्टरलाही कॅमशाफ्ट असतोच.

आमची मंडळास सूचना अशी कीं, एक खरा तेलदाबाचा गेज, एक मायक्रोमीटर, छिद्र मापण्याचा एक गेज आणि बुश बसविण्याच्या ड्रिफ्टांचा एक संच मंडळानें घेऊन ठेवावा व अनामत घेऊन सभासदांच्या मिस्त्रीस द्यावा. एकट्या शेतकऱ्यास हें साहित्य परवडत नाहीं, आणि लहान गांवच्या मिस्त्रीस तर नाहींच. म्हणूनच तो अंदाजानें काम करतो. दुसरें, सभासदानें इंजिन देतांना कागदावर कॅमशाफ्टच्या प्रत्येक जागेचें आधींचें व नंतरचें माप लिहून मागावें, आणि जुने बुश परत घ्यावे. ‘पूर्ण ओव्हरहॉल’ हे दोन शब्द म्हणजे चतुःसीमा न लिहिलेलें खरेदीखत होय.

आमच्या जीपचा तो पुढचा बुश आम्हीं मंडळाच्या कचेरींत ठेवला आहे. खालच्या बाजूस पांढरें अस्तर जाऊन पोलाद उघडें पडलें आहे. ज्यास पाहावयाचा असेल त्यानें चिटणिसांकडे मागावा.